डिकन्सचा नावडता, पुण्याचा लाडका

1885 साली ‘पुणे वैभव’ या पत्रातून एक कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. नाव ‘मधली स्थिती’. लेखक हरि नारायण आपटे, वय 21, कॉलेजात नाव घातलेले, पण गणिताशी उभे वैर. या वैरापायी त्यांना पदवी कधीच मिळाली नाही. त्याची भरपाई मात्र मराठी वाचकांना पुढची 30 वर्षे मिळत राहिली. अर्वाचीन मराठी कादंबरीचा उगम सांगताना बोट इथेच ठेवले जाते. ते बरोबरही आहे. फक्त या उगमाच्या थोडे वर गेले की पाणी मुळा-मुठेचे उरत नाही, टेम्सचे निघते. ‘मधली स्थिती’ला आधार होता एका इंग्रजी कादंबरीचा, ‘डेज ऑफ होगार्थ, ऑर द मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’चा. तिचा कर्ता जॉर्ज विल्यम मॅकआर्थर रेनॉल्ड्स.

डिकन्सचे नाव ऐकले नाही असा शिकलेला मराठी माणूस सापडणे कठीण. रेनॉल्ड्सचे नाव ऐकलेला सापडणे त्याहून कठीण. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, निदान वाचनालयाच्या कपाटापाशी, चित्र नेमके उलटे होते.

रेनॉल्ड्स डिकन्सपेक्षा दोन वर्षांनी धाकटा. 1814 साली केंट परगण्यातल्या सँडविच गावी जन्मला. घरच्यांनी सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात घातले, ते त्याने सोडले. वारशाचा पैसा हाती आल्यावर पॅरिस गाठले. तिथे पैसा उडाला, पण फ्रेंच राजकारण आणि फ्रेंच कादंबरी अंगात भिनली. परत आल्यावर उपजीविकेसाठी लेखणी उचलली आणि पहिला हात मारला तो डिकन्सवरच. डिकन्सचे ‘पिकविक पेपर्स’ गाजत असतानाच, 1837 साली, याने मिस्टर पिकविकला परस्पर फ्रान्सला नेले आणि ‘पिकविक अब्रॉड’ लिहायला घेतले. कोणाची परवानगी वगैरे भानगड नाही. डिकन्सचा त्याच्यावरचा राग पुढे आयुष्यभर टिकला. त्याला आणखीही कारणे होती, पण सुरुवात अशी झाली.

रेनॉल्ड्सचे खरे यश आले 1844 साली. युजीन स्यू या फ्रेंच लेखकाच्या ‘पॅरिसची रहस्ये’ या कादंबरीने युरोपभर धमाल उडवली होती. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन रेनॉल्ड्सने ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ सुरू केली. दर आठवड्याला आठ पाने, दोन रकाने, वर एक चित्र, किंमत एक पेनी. डिकन्सची कादंबरी महिन्याला एक शिलिंगाच्या भागाने येई, म्हणजे बारा पेनींना. रेनॉल्ड्सचा वाचक महिन्याकाठी चार-पाच पेनींत भागवी. हिशेब साधा होता. गिरणीतला मजूर, घरकाम करणारी मुलगी, दुकानातला पोऱ्या, सगळ्यांना परवडणारा. आठवड्याला 40 हजार प्रती खपत, असे सांगितले जाते.

आणि मजकूर? जुलै 1831 मधली वादळी रात्र, लंडनच्या स्मिथफिल्डमधल्या गलिच्छ गल्ल्या, भुयारे असलेले पडके घर आणि त्यात आसऱ्याला शिरलेला एक देखणा तरुण, जो प्रत्यक्षात पुरुषवेषातली स्त्री निघतो. दोन भाऊ, एक सज्जन, दुसरा ऐषारामाच्या मागे लागलेला. टेकडीवरच्या दोन झाडांखाली निरोप घेतात आणि बारा वर्षांनी तिथेच भेटायचे ठरवतात. सरळ एक तप! थडगी उकरून डॉक्टरांना प्रेते विकणारा ‘रेझरेक्शन मॅन’. सरदारांच्या हवेल्यांतली पापे आणि त्यांच्या पायऱ्यांवर उपाशी मरणारी माणसे. मध्येच लेखक कथा थांबवतो आणि गरीब-श्रीमंतांच्या मिळकतीचे कोष्टक मांडून संतापाने दोन शब्द सुनावतो. पुन्हा तलवार, पुन्हा मूर्च्छा, पुन्हा गुप्त दरवाजा. ज्याने एखादा जुना हिंदी सिनेमा पाहिला आहे त्याला यातले काहीच परके वाटणार नाही.

हा माणूस नुसता कथा विकणारा नव्हता. 6 मार्च 1848 रोजी ट्रॅफल्गर चौकात बंदी घातलेल्या सभेला मूळ संयोजक फिरकलाच नाही, तेव्हा रेनॉल्ड्सने अध्यक्षपद घेतले, फ्रान्समधल्या क्रांतीचे स्वागत केले आणि त्या दिवसापासून तो चार्टिस्ट चळवळीचा पुढारी झाला. मजुरांना मताचा अधिकार मागणारी ही चळवळ. 1850 साली त्याने काढलेले साप्ताहिक नावे बदलत 1967 पर्यंत चालले. डिकन्सलाही गरिबांचा कळवळा होता, पण त्याला चांगल्या मनाचे शेठजी हवे होते; रेनॉल्ड्सला शेठजीच नको होते. डिकन्सने 1850 साली आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’मध्ये, नाव न घेता पण कोणालाही कळेल असे, त्याला भल्या माणसांच्या पंक्तीतून उठवले.

भारतीय वाचकाला या भांडणात रस वाटावा असा प्रसंग 1857 चा आहे. कानपूरच्या बातम्या पोहोचल्यावर डिकन्सने एका परिचित बाईंना लिहिलेल्या पत्रात, आपण हिंदुस्थानात सरसेनापती असतो तर या जातीचा नायनाट करण्याचा प्रयत्न केला असता, अशा अर्थाचे लिहिले. अनाथ ऑलिव्हरसाठी रडवणारा हाच लेखक. त्या वर्षीच्या नाताळ अंकातही त्याने विल्की कॉलिन्सबरोबर एक सूडकथा छापली. तिचे स्थळ मध्य अमेरिकेतले असले तरी रोख कुठे होता ते लपले नाही. रेनॉल्ड्सचे साप्ताहिक मात्र तेव्हाच्या मोजक्या इंग्रजी पत्रांपैकी एक, ज्यांनी बंडाचा दोष कंपनीच्या लुटीवर टाकला आणि बंडवाल्यांच्या बाजूने लिहिले. पुण्यामुंबईच्या वाचकांनी काही हे पाहून रेनॉल्ड्सला जवळ केले नाही. त्यांना त्याचे राजकारण फारसे माहीतही नसावे. पण त्याच्या कथेत जुलमी सरदार आणि भ्रष्ट दरबारी ज्या तिरस्काराने रंगवले जात, तो तिरस्कार इथे आपोआप पोहोचला असणार, असे मानायला जागा आहे.

त्याची पुस्तके इथवर आली कशी? जॉन डिक्स या प्रकाशकाने त्याच्या कादंबऱ्यांच्या स्वस्त आवृत्त्या काढल्या. 1858 साली खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला, 1863 साली बोरघाट जोडला गेला, 1869 साली सुएझ कालवा खुला झाला. विलायती टपाल मुंबईच्या धक्क्यावर उतरून घाट चढू लागले आणि चिंचवड स्टेशनावरून पुण्यात जाऊ लागले. चिंचवडहून थोड्याच अंतरावर, पवनेकाठी, पिंपळे सौदागर तेव्हा शेतीवाडीचे खेडे होते. तिथे इंग्रजी कादंबरी कोणी वाचत असण्याची शक्यता नव्हती. पण घाट चढून आलेले ते गठ्ठे जिथे फुटत, त्या पुण्यात वाचनालय होते. पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी, आजचे पुणे नगर वाचन मंदिर, 1848 सालचे. म्हणजे त्याच वर्षीचे, ज्या वर्षी रेनॉल्ड्स ट्रॅफल्गर चौकात उभा राहिला.

सरकारी शिक्षणखात्याला हा लेखक मुळीच नको होता. अभ्यासक्रमात गोल्डस्मिथ, स्कॉट, मेकॉले असत. पण क्रमिक पुस्तक वाचले जाते परीक्षेसाठी आणि कादंबरी वाचली जाते दिव्याचे तेल संपेपर्यंत. एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय वाचनालयांच्या नोंदी आणि याद्या चाळून प्रिया जोशी यांनी ‘इन अनदर कंट्री’ हे पुस्तक 2002 साली लिहिले. भारतीय वाचकांनी डोक्यावर घेतलेल्या इंग्रजी लेखकांत रेनॉल्ड्स अगदी पुढे होता, हा त्यांचा निष्कर्ष. आणि ही नुसती मराठीची गोष्ट नाही. उर्दूत त्याची भाषांतरे धडाधड निघत. लहानपणी ती आपण कशी अधाशासारखी वाचली हे प्रेमचंदांनी नोंदवून ठेवले आहे. तमिळमध्ये आरणी कुप्पुसामी मुदलियार यांनी त्याची रूपांतरे केली.

मराठीला रेनॉल्ड्स भेटला तेव्हा तिची कादंबरी अवघी एका पिढीची होती. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची. तिला विधवांच्या हालांचा विषय होता, पण मिशनरी हेतू कथेच्या पुढे चाले. मग लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 साली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 साली. राजकन्या, ताटातूट, योगायोग, शेवटी राज्य आणि लग्न. 1872 साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी कादंबरी आणि नाटकावर निबंध लिहून या अद्भुताची झाडाझडती घेतली. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने 1871 साली इतिहासाची वाट उघडली. पण आपल्या गल्लीतला, आपल्यासारखे कपडे घालणारा, आपल्यासारखे कर्ज काढणारा माणूस कादंबरीत यायचा होता.

इथे आपट्यांच्या हाती रेनॉल्ड्स पडला. होगार्थ हा अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार. तो चित्रांच्या मालिका काढी: एक उद्योगी उमेदवार, एक आळशी; एकाची चढण, दुसऱ्याची घसरण. रेनॉल्ड्सने त्या चित्रांतली दुनिया कादंबरीत ओढली. आपट्यांना त्यातून मिळाला एक साचा: शहर, त्यात बहकणारे तरुण, त्यांना बहकवणारे लोक आणि घरी वाट पाहणाऱ्या बायका. त्यांनी लंडन काढून पुणे घातले. दारूचे गुत्ते, बैठका, सुधारणेच्या नावाखाली चालणारी चैन आणि जुन्याच्या नावाखाली चालणारा दंभ, या दोहोंच्या मध्ये अडकलेली पिढी. शीर्षकातच ती स्थिती आली. इंग्रजी शाळेतून बाहेर पडलेला तरुण घरचाही राहिलेला नव्हता आणि साहेबाचाही झालेला नव्हता. हे लंडनमध्ये नव्हते. ते आपट्यांनी स्वतःच्या भोवती पाहिले होते.

‘मधली स्थिती’ आज वाचायला घेतली तर तिचे टाके दिसतात. कारस्थाने जड होतात, खलनायक जरा जास्तच खल वाटतात. पण संवाद सुरू झाले की कान टवकारतात. स्वयंपाकघरातले कुजबुजणे, माजघरातली भांडणे, ओसरीवरचे पुरुषी मोठेपण, हे सगळे पुण्याचे. त्यातला एक शब्दही उसना नाही.

आपटे न्यू इंग्लिश स्कूलचे विद्यार्थी. चिपळूणकर, टिळक, आगरकर हे त्यांचे शिक्षक. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले तेव्हा या शिष्याने गुरूच्या भाषांतरावर 72 पानांची टीका लिहिली. म्हणजे मोठे साहित्य कोणते हे त्यांना कळत नव्हते असे नाही. शेक्सपिअर जाणणाऱ्या या तरुणाने पहिल्या कादंबरीसाठी रेनॉल्ड्स निवडला, यावर नंतरच्या समीक्षकांनी थोडे नाक मुरडले, थोडे सांभाळून घेतले. कुसुमावती देशपांडे यांच्या ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’पासून आपट्यांना मिळालेला मान रास्तच आहे, पण बहुतेक ठिकाणी रेनॉल्ड्सचा उल्लेख एखाद्या तरुणपणीच्या खोडीसारखा येतो. हे पटत नाही. शेक्सपिअरकडून शिकता येत नाही अशी एक गोष्ट रेनॉल्ड्सकडे होती: या आठवड्याचा वाचक पुढच्या आठवड्यात परत आणायचा कसा.

ही विद्या आपट्यांच्या कामी आली 1890 साली, ‘करमणूक’ सुरू झाल्यावर. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ एकमेकांवर तुटून पडत असताना घरातल्या सगळ्यांनी वाचावे असे साप्ताहिक त्यांनी काढले. कादंबरी, चरित्रे, शास्त्रीय माहिती, चुटके असा त्याचा थाट. ‘पण लक्षात कोण घेतो?’ याच पानांतून 1890 ते 1893 या काळात आली. ‘मी’, ‘यशवंतराव खरे’, ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, सगळ्या आठवड्याआठवड्याने. आणि हे सारे चालले होते कुठून? आनंदाश्रमातून. काका महादेव चिमणाजी आपटे यांनी 1888 साली स्थापलेली ही संस्था संस्कृत पोथ्या गोळा करी आणि शुद्ध करून छापी. तिची व्यवस्था हरिभाऊंकडे होती. एका हाताखाली उपनिषदांवरच्या भाष्यांचे मुद्रण, दुसऱ्या हाताखाली पुढच्या प्रकरणाची घाई! अप्पा बळवंत चौकाजवळची ती वास्तू आजही उभी आहे. तिथे जाणारे बहुतेक जण पोथ्यांसाठी जातात.

‘पण लक्षात कोण घेतो?’ मधली यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. बाईच्या तोंडून आत्मचरित्र हा साचा रेनॉल्ड्सनेही वापरला होता. त्याची ‘मेरी प्राइस’ ही एका मोलकरणीची आठवण म्हणून लिहिलेली कादंबरी 1851-52 ची. पण यमूपाशी आपटे त्या सगळ्या शाळेच्या पुढे निघून गेले आहेत. तिथे गुप्त दरवाजा नाही, वेषांतर नाही, खलनायकाला सुरा लागत नाही. शंकरमामंजींना एक न्हावी पुरतो. नवरा गेल्यावर यमूचे केशवपन होते तो भाग वाचताना ज्या भीतीने पोटात गोळा येतो, ती भीती स्मिथफिल्डच्या भुयारात रेनॉल्ड्सला कधी साधली नाही.

साप्ताहिक धंद्याची किंमतही होती. आठवड्याला मजकूर हवाच, म्हणून पाल्हाळ येई. लेखक वाचकांशी गप्पा मारू लागे, मागे काय झाले ते पुन्हा सांगे. काही कादंबऱ्या तर अर्ध्यावर राहिल्या: ‘गणपतराव’, ‘आजच’, ‘कर्मयोग’. डिकन्सचीही शेवटची कादंबरी ‘एडविन ड्रूड’ अपुरी राहिली, पण ती त्याच्या मृत्यूमुळे. आपट्यांच्या बाबतीत नगरपालिकेचे काम, प्लेगचे वर्ष, संस्थेचे व्याप असे बरेच काही आड आले. पुणेकर नागरिक म्हणून त्यांनी जे केले त्याचा हिशेब कादंबरीच्या इतिहासात कोणी धरत नाही.

रेनॉल्ड्सचा दुसरा मराठी वारस अगदी वेगळ्या प्रकृतीचा. गोविंद नारायणशास्त्री दातार, जन्म 1873. संस्कृताचे जाणकार, व्यवसायाने वैद्य आणि हौसेने, किंवा गरजेने म्हणा, कादंबरीकार. ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘बंधुद्वेष’, ‘विलासमंदिर’, ‘अधःपात’, ‘शालिवाहन शक’ ही नावे आजही काही घरांत आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असतात. यांतल्या बऱ्याच रेनॉल्ड्सवरून उचललेल्या. ‘कालिकामूर्ती’चे मूळ त्याच्या ‘ब्राँझ स्टॅच्यू’त आहे. मूळ कथा पंधराव्या शतकातल्या बोहेमियातली, धर्मयुद्धाच्या धामधुमीतली. तिथे कुमारी मातेचा एक धातूचा पुतळा असतो आणि त्याच्या ‘चुंबना’ची शिक्षा ज्याला होते तो परत दिसत नाही. हे यंत्र मराठीत आणायचे तर कुमारी माता चालणार नव्हती. दातारशास्त्र्यांनी कालिका आणली आणि सगळे असे चपखल बसले की मूळ ठाऊक नसलेल्या वाचकाला ती अस्सल देशी वाटली.

दातारांनी रेनॉल्ड्सचे दोन विषय मात्र गाळले. एक, शृंगार. मूळ लेखकावर इंग्लंडमध्ये अश्लीलतेचा आरोप होई. मराठीत ते घराबाहेरच ठेवावे लागले. दुसरा, राजकारण. सरदारवर्गावरचा संताप राजवाड्यातल्या कारस्थानांत विरघळून गेला. उरले ते रहस्य, तळघरे, वेषांतर आणि शेवटच्या ओळीला टांगलेला वाचक. आपट्यांनी साचा घेऊन आतला माल बदलला. दातारांनी माल घेऊन वरचे कपडे बदलले. दर्जाच्या हिशेबात पहिला मोठा, यात वाद नाही. पण वाचनाची चटक लावण्याच्या कामी दुसऱ्याला कमी लेखू नये. बाबूराव अर्नाळकरांनी पुढे हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांना वाचक आयता तयार मिळाला, कारण दोन पिढ्या दातारांसारख्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. अर्नाळकरांचा काळा पहाड किंवा झुंजार हे रेनॉल्ड्सचे वंशज नव्हेत, त्यांची गुरुकुले नंतरची. गल्लीतल्या वाचनालयात पुस्तक परत करताना ‘पुढचा आहे का?’ असे विचारण्याची सवय मात्र जुनीच.

ती सवय अजूनही मोडलेली नाही. पिंपळे सौदागरहून हिंजवडीला निघालेल्या बसमध्ये कानाला बोंडे लावून मराठी कथामालिका ऐकणारे प्रवासी सहज दिसतात. भाग कुठे तोडायचा याची कला तीच आहे, फक्त पेनीच्या जागी महिन्याची वर्गणी आली आहे.

इंग्लंडमध्ये रेनॉल्ड्सचे काय झाले? 1879 साली तो वारला तेव्हा पुस्तकविक्रेत्यांच्या पत्राने त्याला आपल्या काळातला सर्वांत लोकप्रिय लेखक म्हटले. मग विस्मरण. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांनी त्याला तळटीपेत टाकले आणि पुढची बरीच दशके तिथेच ठेवले. 2008 साली अ‍ॅन हम्फ्रिज आणि लुई जेम्स यांनी त्याच्या कादंबऱ्या, राजकारण आणि पत्रकारिता यांवरचा निबंधसंग्रह संपादित केला, तेव्हा अभ्यासकांना भारताकडे वळावे लागले आणि त्या संग्रहात इथल्या त्याच्या रूपांतरांवरचा स्वतंत्र निबंध आला. लंडनमध्ये ज्याची नवी आवृत्ती मिळेनाशी झाली होती, तो पुण्यामुंबईच्या, लखनौच्या आणि मद्रासच्या छापखान्यांत वेगवेगळ्या नावांनी छापला जात राहिला होता. बहुतेक वेळा मुखपृष्ठावर त्याचे नाव नसे, मानधनाचा तर प्रश्नच नव्हता. मिस्टर पिकविकला न विचारता फ्रान्सला नेणाऱ्या लेखकाने त्याबद्दल तक्रार करायला फारशी जागा ठेवली नव्हती.